मालवणच्या बाजारातील मुरुमांवरची घरगुती उत्पादने : काय घ्यावे आणि काय फळीवरच राहू द्यावे

मालवणच्या बाजारपेठेतून बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यालगत महिला बचत गटांचा माल विकणारे एक छोटे दुकान आहे. कोकम आगळ, आंबापोळी, फणसपोळी, कुळीथ पीठ आणि मालवणी मसाला यांसाठी ते परिचित आहे. अलीकडे मात्र तेथील एक फळी चेहऱ्याच्या निगेच्या वस्तूंना देण्यात आली असून तिच्यावर ‘मुरुम-पुटकुळ्यांवर नैसर्गिक उपाय’ अशी हाताने लिहिलेली चिठ्ठी लावलेली आहे. कडुलिंबाचा साबण, लेपाची पुडी, उटणे, कोरफडीचे जेल, घाण्यावरचे खोबरेल तेल, मुठेल आणि ‘रक्तशुद्धी’ चूर्ण अशा सात वस्तू तेथे मिळतात. माझी भाची सध्या अकरावीत आहे आणि तिच्या कपाळावर व हनुवटीवर बरेच मुरुम आहेत. तिच्यासाठी आम्ही या वस्तू विकत घेतल्या, काही वापरल्या आणि काही माहिती घेऊन बाजूला ठेवल्या. मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे वेष्टनावरचा मजकूर वाचल्याशिवाय कोणतीही वस्तू घरात आणण्याची मला सवय नाही. या परीक्षणात त्या सवयीचा उपयोग झाला आहे.

वस्तूंकडे वळण्यापूर्वी त्यांना कोणत्या कसोटीवर तपासायचे हे सांगणे आवश्यक आहे, कारण मुरुम कशामुळे येतात हे ठाऊक नसेल तर कोणतीही पुडी चांगलीच वाटते. त्वचेतील प्रत्येक केसाच्या मुळाशी तैलग्रंथी असते. वयात येताना अँड्रोजन संप्रेरकांचे प्रमाण वाढते, या ग्रंथी मोठ्या होतात आणि अधिक तेल पाझरू लागतात. त्याच वेळी रंध्राच्या आतील मृत पेशी नेहमीप्रमाणे सुट्या होऊन बाहेर न पडता एकमेकींना चिकटतात आणि तेलासह रंध्राचे तोंड बुजवतात. बुजलेल्या त्या जागेत ‘क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस’ हा जिवाणू वाढतो, त्याच्याविरुद्ध शरीराची प्रतिक्रिया सुरू होते आणि मग लाली, सूज, पू असा क्रम दिसतो. हा जिवाणू निरोगी त्वचेवरही असतो. तो बाहेरून येत नाही आणि अस्वच्छतेमुळे येत नाही. ब्लॅकहेडचा काळा रंगसुद्धा मळाचा नसतो, तर रंध्राच्या तोंडाशी आलेल्या रंगद्रव्याचा असतो. म्हणून ‘तोंड नीट धुत नाहीस, म्हणून पुळ्या येतात’ हे घरोघरी ऐकू येणारे वाक्य चुकीचे तर आहेच, शिवाय आधीच आरशाला टाळणाऱ्या मुलीला ते फार लागते. ब्रिटनमध्ये जुळ्या बहिणींवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मुरुमांच्या तीव्रतेतील सुमारे ८० टक्के फरक आनुवंशिकतेशी निगडित आढळला होता. आईला किंवा वडिलांना तरुणपणी खूप मुरुम आले असतील, तर मुलांच्या चेहऱ्यावर ते येण्यात मुलांचा दोष नाही.

यावरून कसोटी ठरते. जी वस्तू रंध्रे बुजवत नाही, त्वचेचा वरचा थर दुखावत नाही आणि दाह वाढवत नाही, ती उपयोगी किंवा निदान निरुपद्रवी. बाकी सर्व टाळावे.

या कसोटीवर पहिली अडचण येते ती खोबरेल तेलाची, आणि कोकणात हे लिहिणे सोपे नाही. दुकानातील तेल उत्तम आहे. लाकडी घाण्यावर काढलेले, स्वच्छ, खोबऱ्याचा ताजा वास असलेले हे तेल स्वयंपाकासाठी मी पुन्हा घेईन. परंतु बाटलीवरील ‘चेहऱ्यावरील मुरुमांसाठी रात्री हलके मालीश’ ही सूचना काढून टाकायला हवी. खोबरेल तेलात लॉरिक आम्ल भरपूर असते आणि प्रयोगशाळेत ते मुरुमांच्या जिवाणूला मारक ठरते, हे खरे आहे. तेलाची शिफारस करणारे नेहमी तेवढेच सांगतात. प्रत्यक्ष चेहऱ्यावर लावले जाते ते संपूर्ण तेल, आणि रंध्रे बुजवण्याच्या शून्य ते पाच या प्रचलित मोजपट्टीवर खोबरेल तेलाला सहसा चार गुण दिले जातात. या मोजपट्टीमागचे मूळ प्रयोग सशाच्या कानावर झालेले आहेत, त्यामुळे तिच्यावर डोळे मिटून विसंबू नये, हे मान्य. तरीही ज्याची त्वचा मुळात तेलकट आहे आणि जो वर्षातील बहुतेक महिने दमट, घामट हवेत राहतो, त्याने चेहऱ्यावर आणखी तेल चोळण्याचे काही कारण नाही.

केसांच्या तेलाचाही येथे विचार करावा लागतो. आपल्याकडे मुलींचे केस रात्री तेल लावून घट्ट बांधले जातात. ते तेल उशीवर आणि तेथून गालांवर उतरते, तर सकाळी घामाबरोबर कपाळावर ओघळते. केसांना तेलकट पदार्थ लावणाऱ्यांच्या कपाळावर आणि कानशिलांजवळ बारीक, दाट मुरुम येतात, याची नोंद अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांनी १९७० सालीच केली होती. माझ्या भाचीच्या कपाळावर केसांच्या कडेने नेमकी अशीच रांग होती. तेल लावणे बंद करण्याची गरज नाही. न्हाण्यापूर्वी तास-दोन तास लावून मग धुऊन टाकावे, रात्रभर ठेवू नये आणि उशीचा अभ्रा वरचेवर बदलावा. या एका बदलाने तिच्या कपाळावर जो फरक पडला, तो फळीवरच्या कोणत्याही वस्तूने पडला नाही. दमट हवेत छाती, पाठ आणि कपाळावर एकसारख्या आकाराचे, खाजणारे बारीक फोड येतात, तेव्हा ते पुष्कळदा मुरुम नसून केसांच्या मुळाशी झालेला बुरशीचा संसर्ग असतो. त्या बुरशीचे पोषणच तेलावर होते. खाज हे त्याचे ठळक लक्षण आहे आणि त्यावर मुरुमांचे उपाय चालत नाहीत.

मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचे तेल, ही त्या फळीवरील सर्वांत देखणी वस्तू आहे. हातावर वळलेले फिकट पांढरे गोळे केळीच्या सोपटात बांधून ठेवलेले असतात. खोलीच्या तापमानाला ते मेणासारखे घट्ट राहतात. नखाने थोडेसे खरवडून तळहातावर घेतले की क्षणभर तसेच राहते आणि मग त्वचेच्या उबेने सावकाश विरघळते. त्याला वास जवळजवळ नसतो. रंध्रे बुजवण्याच्या बाबतीत ते खोबरेलापेक्षा पुष्कळ सौम्य मानले जाते. भाचीने ते चेहऱ्यासाठी उचलले तेव्हा काउंटरमागच्या काकू म्हणाल्या, “ह्यां तोंडाक कित्याक गो? पायांक लाव.” हा सल्ला प्रामाणिक होता आणि बरोबरही होता. भेगाळलेल्या टाचा, फुटलेले ओठ, कोरडे कोपरे यांसाठी मुठेलाला तोड नाही, परंतु मुरुमांवर त्याचा उपाय म्हणून उपयोग नाही. ज्यांची त्वचा मुरुमांच्या औषधांमुळे कोरडी पडून सोलते, त्यांनी तोंडाच्या कडेला किंवा नाकाच्या बाजूला अगदी थोडे लावून पाहायला हरकत नाही.

कडुलिंबाचा साबण दिसायला आकर्षक आहे, वास कडवट आणि खरा आहे, परंतु मुरुमांच्या चेहऱ्यासाठी मी तो सुचवणार नाही. निरोगी त्वचेच्या पृष्ठभागाचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा; ७ च्या खाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी) सुमारे ५, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो. तेल आणि कॉस्टिक सोड्यापासून केलेला कोणताही पारंपरिक साबण ९ ते १० च्या आसपास असतो, मग त्यात कडुलिंब असो वा चंदन. ओल्या वडीवर पीएच कागद टेकवला तेव्हा तो अपेक्षेप्रमाणे गडद निळसर हिरवा झाला. अशा साबणाने त्वचेचा संरक्षक थर विस्कटतो, ती ताणल्यासारखी होते आणि मुरुमांवर लावायची औषधे नंतर अधिक झोंबतात. त्यातच आपल्या किनारपट्टीवरील अनेक विहिरींचे पाणी मचूळ किंवा जड असते. जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, उलट त्याचा चिकट साका त्वचेवर राहतो आणि तो जावा म्हणून माणूस अधिक घासतो. कडुलिंबाच्या अर्कात जिवाणुरोधक गुण आहेत हे प्रयोगशाळेत वारंवार दिसले आहे, परंतु अर्ध्या मिनिटात धुऊन जाणाऱ्या फेसातून त्याचा किती अंश त्वचेपर्यंत पोचतो, हा विचार करायला हवा. सकाळी आणि रात्री, तसेच खूप घाम आल्यावर सौम्य, साबणविरहित फेस वॉशने चेहरा धुणे पुरेसे असते. त्याहून जास्त वेळा धुतल्याने तेल कमी होत नाही, त्वचा मात्र दुखावते.

लेपाच्या पुडीत मुलतानी माती, लोध्र, वेखंड, मंजिष्ठा आणि चंदन असल्याचे लिहिले आहे. या मिश्रणामागे परंपरा आहे. सुश्रुतसंहितेत तरुणांच्या चेहऱ्यावर येणाऱ्या, सावरीच्या काट्यांसारख्या पुळ्यांचे वर्णन ‘मुखदूषिका’ या नावाने आलेले आहे आणि त्यांच्यासाठी वेखंड, लोध्र, सैंधव व मोहरी यांचा लेप सांगितलेला आहे. दुकानाच्या लेपात मोहरी नाही हे चांगले झाले, कारण सुजलेल्या त्वचेवर ती जळजळ करते. मुलतानी माती वरचे तेल शोषून घेते आणि काही तास चेहरा हलका वाटतो. मुरुम तयार होण्याची आतील प्रक्रिया मात्र तिने थांबत नाही. आठवड्यातून एकदा, साध्या पाण्यात कालवून पातळ थर द्यावा आणि तो पूर्ण सुकून तडकण्याच्या आधीच धुऊन टाकावा, या मर्यादेत ही पुडी घेण्यासारखी आहे. पुडीच्या मागील बाजूस ‘लिंबाच्या रसात कालवावे’ अशी सूचना आहे, ती मात्र अजिबात पाळू नये. लिंबाच्या रसाचा पीएच दोनच्या आसपास असतो आणि तो लागलेली त्वचा उन्हात गेली की भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडू शकतात. येथे तर कॉलेजला जातानाही डोक्यावर ऊन असते. आपल्या सावळ्या त्वचेवर मुरुम गेल्यानंतर राहणारे डागच अनेकांना मुरुमांपेक्षा जास्त छळतात, तेव्हा नवे डाग ओढवून घेण्यात काय अर्थ?

उटणे चाळलेले आहे, पण वस्त्रगाळ नाही. चिमूट बोटांत चोळली की नागरमोथ्याचे टोकदार कण जाणवतात. दिवाळीच्या पहाटे अंगाला लावण्यासाठी ते सुंदर आहे. पिकलेल्या मुरुमांवर ते चोळले तर मुरुम फुटतात, दाह खोल जातो आणि खड्डा राहण्याची शक्यता वाढते.

कोरफडीच्या जेलबद्दल माझी सर्वांत मोठी तक्रार आहे. डबीतील जेल हिरवेगार आहे, आणि कोरफडीचा गर कधीही हिरवा नसतो. तो पाण्यासारखा पारदर्शक असतो. म्हणजे त्यात रंग आहे, वासावरून सुगंधही आहे, आणि वेष्टनावर यांपैकी कशाचाही उल्लेख नाही. बनवल्याची तारीख नाही, घटकांची पूर्ण यादी नाही, परवाना क्रमांक नाही. सौंदर्यप्रसाधन विकायचे तर ही माहिती वेष्टनावर असणे कायद्याने आवश्यक आहे. बचत गटातील भगिनींच्या कष्टांबद्दल मला पूर्ण आदर आहे आणि म्हणूनच हे स्पष्ट लिहिते : चेहऱ्यावर, तेही दुखऱ्या त्वचेवर लावायच्या वस्तूत काय आहे ते लिहिलेच पाहिजे. कोरफड स्वतः गुणी आहे. इराणमध्ये झालेल्या एका चाचणीत ट्रेटिनॉइन या औषधासोबत कोरफडीचे जेल वापरलेल्यांना नुसत्या औषधापेक्षा अधिक गुण आला होता. घरच्या कुंडीतील पान वापरायचे असेल तर ते कापल्यावर थोडा वेळ उभे धरून ठेवावे. कापल्या जागेतून पिवळा, कडू चीक निथळतो आणि तोच त्वचेला खाज आणतो. तो पूर्ण निथळल्यावर पान धुऊन आतला गर काढावा, आधी कानामागे लावून एक दिवस वाट पाहावी आणि मगच चेहऱ्यावर लावावा. आमच्याकडे आता एवढेच चालू आहे.

‘रक्तशुद्धी’ चूर्णाने मुरुम जातात, असे वेष्टनावर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे. मुरुम रक्त अशुद्ध झाल्याने येत नाहीत. रक्तातील टाकाऊ द्रव्ये वेगळी करण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे अहोरात्र करतात. पोटात घ्यायचे चूर्ण, त्यातील घटकांचे प्रमाण न लिहिता, वाढत्या वयाच्या मुलीला मी देणार नाही. ते आम्ही उघडले नाही.

या निमित्ताने खाण्यापिण्याचे बोलणे भाग आहे, कारण कोकणात मुरुमांचा पहिला आरोप हापूसवर होतो. ‘आंबे उष्ण, पुळ्या येणारच’ हे आपण लहानपणापासून ऐकतो. आंब्याच्या दिवसांत तोंडाभोवती जे फोड आणि चट्टे उठतात, ते बहुतेक वेळा मुरुम नसतातच. आंब्याच्या देठाशी आणि सालीत जो चीक असतो, त्यातील द्रव्याने त्वचेला ॲलर्जी होते, ती ओठांच्या कडेला आणि हनुवटीवर उठते व चांगलीच खाजते. आंबा पाण्यात बुडवून ठेवावा, देठाकडचा भाग कापून टाकावा, साल तोंडाने चोखू नये, एवढ्याने ती टळते. आंब्याने रक्तातील साखर मध्यम गतीने वाढते. दिवसाला एखादा आंबा खाल्ल्याने काही बिघडत नाही. वाटीभर साखर घातलेल्या आमरसाची गोष्ट मात्र निराळी.

साखर आणि मैदा यांचा मुरुमांशी संबंध आहे, असे मानायला आता आधार आहे. रक्तात साखर झपाट्याने चढली की इन्सुलिन वाढते आणि त्यातून तैलग्रंथींना चालना मिळते. ऑस्ट्रेलियात १५ ते २५ वयोगटातील ४३ मुलग्यांवर झालेल्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, साखर हळू वाढवणारा आहार १२ आठवडे घेतलेल्या गटातील मुरुम दुसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे कमी झाले. याहून मला विचार करायला लावणारी माहिती पापुआ न्यू गिनीतील किटावा बेटाची आहे. तेथील १,२०० रहिवाशांची तपासणी करणाऱ्या संशोधकांना एकाही व्यक्तीच्या चेहऱ्यावर मुरुम आढळला नाही, असे त्यांनी २००२ साली नोंदवले. त्या लोकांचे खाणे म्हणजे कंदमुळे, फळे, मासे आणि नारळ. त्यामागे आनुवंशिकता आणि राहणीमानही असू शकते, म्हणून केवळ आहाराला सारे श्रेय देता येणार नाही. परंतु मासळीच्या कालवणात घातलेल्या ओल्या नारळाला घाबरण्याचे कारण नाही, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते. नाक्यावरची क्रीम बिस्किटे, बाटलीबंद शीतपेये, वेफर्स आणि बेकरीतील पाव हे आपल्या जुन्या कोकणी ताटात नव्हते. कमी करायचे ते यांतले. काहींना दुधाने, विशेषतः साय काढलेल्या दुधाने, तसेच व्यायामशाळेत घेतल्या जाणाऱ्या व्हे प्रोटीनच्या भुकटीने मुरुम वाढल्याचा अनुभव येतो. त्यांनी काही आठवडे ते बंद करून पाहावे.

या फळीवर जे नाही, त्याचाही उल्लेख करावासा वाटतो. वनस्पतिजन्य द्रव्यांपैकी टी ट्री तेलाचा (हे चहाचे नव्हे, एका ऑस्ट्रेलियन झाडाच्या पानांचे तेल) पुरावा त्यातल्या त्यात बरा आहे. १९९० साली ऑस्ट्रेलियात १२४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत ५ टक्के टी ट्री तेलाच्या जेलने मुरुम कमी झाले. त्याला बेंझॉइल पेरॉक्साइड या मुरुमांवरच्या नेहमीच्या औषधापेक्षा अधिक वेळ लागला, परंतु त्रास कमी झाला. ते तेल निखळ लावायचे नसते, पातळ केलेलेच लावायचे असते. गहू-बार्लीसारख्या धान्यांत आढळणारे ॲझेलिक आम्ल मुरुमांवर आणि मागे राहणाऱ्या डागांवरही चालते, आणि ते औषधाच्या दुकानात मिळते. ‘नैसर्गिक’ या शब्दावर आपले प्रेम असेल, तर निसर्गातून आलेली आणि तपासलेली अशी द्रव्येही त्यात धरायला हवीत. कोणताही उपाय असो, त्वचेच्या पोटात मुरुम तयार व्हायला कित्येक आठवडे लागतात, त्यामुळे दोन-तीन महिने नियमाने केल्याशिवाय गुण कळत नाही. दर आठवड्याला नवी पुडी आणणाऱ्यांना कशाचाच गुण येत नाही, तो यामुळे.

दुकानदार काकूंना मी एक विनंती केली आणि त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली. ज्या मुलीच्या चेहऱ्यावर खोल, दुखऱ्या गाठी आहेत, खड्डे पडू लागले आहेत, किंवा जिची पाळी अनियमित असून ओठांवर-हनुवटीवर राठ केस येत आहेत, तिला कोणतीही वस्तू न विकता त्वचारोगतज्ज्ञांकडे किंवा स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायला सांगावे. अशा मुरुमांमागे पीसीओएस हा संप्रेरकांचा विकार असू शकतो आणि दर महिन्याच्या विलंबाने व्रण वाढतात. आमच्या परिसरातील एका औषधाच्या दुकानात भाचीला ‘गोरेपणाही येईल आणि पुळ्याही जातील’ असे सांगून स्टेरॉइड असलेली ट्यूब चिठ्ठीशिवाय देऊ केली होती. अशी मलमे आठवडाभर जादू करतात, नंतर त्वचा पातळ करतात आणि स्वतःच मुरुम आणतात. तिच्यापेक्षा बचत गटाची मातीची पुडी शतपटीने सुरक्षित आहे, हे मी निःसंकोचपणे म्हणेन.

दुकानाची स्वच्छता, वागणूक आणि भाव यांबद्दल तक्रारीला जागा नाही. लेपाची पुडी आणि मुठेल जरूर घ्यावे, खोबरेल तेल स्वयंपाकघरासाठी घ्यावे, उटणे दिवाळीसाठी घ्यावे. साबण अंगाला चालेल. कोरफडीचे जेल आणि चूर्ण, वेष्टनावर संपूर्ण घटक छापले जाईपर्यंत, घेऊ नये. दुकान दुपारी जेवणाच्या वेळी बंद असते आणि पावसाळ्यात मुठेलाचा साठा संपलेला असतो, म्हणून ते हवे असल्यास पावसाळ्यापूर्वी, सकाळच्या वेळी जावे.